गुळाची ढेप आणि बावीस सायकली

"तुमच्या तांड्यात बावीस मानसं झोपतीन एवढी जागा हाय का जी?"

एका अनोळखी मुलानं रंजिताला विचारलेला हा पहिला प्रश्न. दारव्ह्याचा बाजार करून ती स्कुटीवर परतत होती आणि तांड्याच्या फाट्यावर हा गडी सायकल उलटी करून पंक्चर काढत बसला होता. नाकावर काळा डाग, मांडीवर नकाशा.

"बावीस?" तिनं गाडी थांबवली. "वरात हाय का मोर्चा?"

"सायकल सहल! यवतमाळ ते उमरखेड, चार दिवस, खेड्याखेड्यातून. मी कपिल. दारव्ह्याचाच हावो."

हसताना त्याचा एक डोळा जरा जास्तच मिटायचा. रंजितानं ते बघितलं, आणि बघितलं नाही असं दाखवलं. समाजमंदिरात जागा होती, स्वयंपाकाला तिचा बचत गट होता. मग काय, फोन सुरू झाले. भाकरी किती, आंघोळीला पाणी कुठलं... सगळे अगदी कामाचे फोन! म्हणजे पहिली पाच मिनिटं.

"पन पहिले बाबाइले भेटा," तिनं बजावलं. "ते तांड्याचे नायक हायेत. त्याइले इचारल्याशिवाय इथं कोनी मुक्काम करत नाई. अन् रिकाम्या हातानं येऊ नका."

तिच्या डोक्यात संत्री होती. कपिल दोन मित्रांना घेऊन आला, आणि पंच बसलेले असताना त्यानं रामलाल नायकांपुढे ठेवली गुळाची अख्खी ढेप.

ओट्यावरच्या सगळ्यांच्या माना ढेपेकडे वळल्या. रंजिताच्या आईनं, सुखीबाईंनी, डोक्यावरचा पदर सावरत लेकीकडे बघितलं. पंचांतले म्हातारे किसनसिंग मिशीत हसायला लागले.

"पोट्ट्या," रामलाल सावकाश म्हणाले, "आमच्यात पोरगी मांगाले येतेत तवा गूळ आनतेत. पंचाइसमोर गूळ खाल्ला का सोयरीक पक्की."

कपिल कानापर्यंत लाल झाला. "नाई! नाई नाई जी! मुक्कामाचं इचाराले आलो. तसं तर काईच मनात नाई!"

ओटा हसून हसून लोळायचा बाकी राहिला. "मुक्काम करा," रामलाल डोळे पुसत म्हणाले, "पन हा गूळ वापस न्या."

सगळा तांडा हसला. एकटी रंजिता हसली नाही. एक 'नाही' पुरला असता की! तीन-तीनदा कशाला म्हणायचं? तिच्या मनात काय होतं, ते तिचं तिलाच त्या तिसऱ्या 'नाही'ला कळलं, आणि कळलं तेव्हा फार दुखलं. त्यानंतर फोनवर ती फक्त "हो" आणि "बरं" एवढंच म्हणू लागली.

डिसेंबरात सहल आली. समाजमंदिरापुढे बावीस सायकली, चुलीवर भाकरी, ठेचा खाऊन नाकं पुसणारी पाहुणेमंडळी. कपिल पाण्याचा जग घेऊन तिच्या शेजारी घुटमळला.

"राग आला का?"

"कायचा राग? तुमच्या मनात तर काईच नाई..."

"रंजिता, आयक ना—" तो बोलणार तेवढ्यात पंपासाठी कोणीतरी हाक मारली. सकाळी सहल निघाली. तुरीच्या शेताआड शेवटची सायकल दिसेनाशी झाली तरी ती तिथेच उभी होती. आता हा कशाला येतोय परत?

पाचव्या दिवशी दुपारी ती बाजारातून येत होती. फाट्यावर एकच सायकल होती आणि शेजारी धुळीनं माखलेला कपिल.

"उमरखेडहून पहाटेच निघालो," तो धापा टाकत म्हणाला. "त्या दिवशी मी खोटं बोललो. एवढ्या लोकाइसमोर... भेलो मी. मनात होतं. पंक्चर काढलं त्या दिवसापासून होतं."

रंजितानं स्कुटी बंद केली. "अन् तुह्या घरी?"

"बाबाले फोनवर सांगतलं. दोन दिवस बोललेच नाई. काल म्हनले, गूळ तरी चांगला घेजो."

तिला हसू आलं, आणि डोळ्यांत पाणीही. "मंग इथं काहून थांबला? ओट्यावर जा ना."

"मांगच्या खेपी तुलेच इचारलं नोतं." त्यानं एक डोळा बारीक केला. "तुमच्या तांड्यात एका मानसापुरती जागा हाय का जी?"

 रंजितानं त्याच्या सायकलची पिशवी उघडली, आतल्या गुळाच्या ढेपेचा कोपरा दगडानं फोडला आणि तुकडा सरळ तोंडात टाकला.

"अवं, पंच...!" कपिल दचकला.

"त्याइले बाकीचा देजो," ती म्हणाली. "चाल, बाबा घरीच हायेत."

तिनं स्कुटी सुरू केली आणि सायकलच्या चालीनं, अगदी हळू, पुढे निघाली.