कमी बोलणाऱ्या माणसाचा सेंट

तो पहिल्यांदा आमच्या दुकानात शिरला तो संत्र्याचा क्रेट घेऊन, आणि तो क्रेट त्यानं सरळ माझ्या परफ्यूमच्या काउंटरवर ठेवला.

"घ्या काका, आज सकाळचा माल हाय," मान वर न करताच तो म्हणाला.

मी काका नाही. मी प्रणाली, पातूरच्या भाजीवाल्या महादेवरावांची पोरगी. अमरावतीत आत्याकडे राहते आणि राजकमल चौकाजवळच्या ज्योत्स्नाताईंच्या दुकानात सेंट विकते.

"ज्यूसवाला बाजूले हाय," मी म्हटलं. "अठी वास मिळते, रस नाई."

त्यानं वर पाहिलं आणि कानापर्यंत लाल झाला. पण लाजतानासुद्धा त्याचं तोंड काही बंद नव्हतं. "माफ करा, मले वाटलं काकानं दुकान लयच चकाचक केलं..." क्रेट उचलेपर्यंत मला कळून चुकलं होतं की याचं नाव पियुष, गाव शेंदूरजनाघाट, बगीचा घरचा. आजवर मोठा भाऊ माल पोचवायचा, पण त्याचं लग्न ठरलं आणि गाडी याच्या गळ्यात पडली.

तो गेला. वास मात्र मागं राहिला, सालीचा, गोड आणि जरासा झोंबणारा. संध्याकाळी एक बाई काउंटरशी थांबून विचारायला लागली, "हा कोणता सेंट वो?" आता काय सांगणार?

मग तो यायलाच लागला. ज्यूसवाल्याचं दार वेगळं, आमचं वेगळं, तरी याचा रस्ता आमच्या दुकानातूनच जायचा. "आमच्या बगीच्यात एक वांदर हाय," काउंटरवर कोपर टेकून तो सांगायचा. "संत्र सोलून खाते, माणसासारखं. अन् आंबट निघालं त नेम धरून माह्या बाबाच्या अंगावर फेकते. बाबा म्हणते, एवढी पारख आपल्या व्यापाऱ्यायले बी नाई."

मी हसायची नाही. ओठ घट्ट मिटून बाटल्या पुसत राहायची. हसले असते तर तो अजून अर्धा तास हलला नसता... आणि मला तेच तर हवं होतं. पण हे त्याला कशाला कळू द्यायचं?

थंडी पडायला लागली तेव्हा एक दिवस तो म्हणाला, "मले बी एक सेंट दाखवा ना. भावाचं लग्न हाय."

ज्योत्स्नाताई गल्ल्यावर बसून माझ्याकडेच पाहत होत्या. मी जाडजूड तपकिरी बाटली काढली. "हा ओरिएंटल."

"म्हंजे?"

"म्हंजे आपल्याच इकडचं चंदन, लवंग, दालचिनी. तिकडं गेलं अन् महाग होऊन वापस आलं." मी त्याच्या मनगटावर एक फवारा मारला. त्यानं हुंगलं आणि त्याचा चेहरा उजळला.

"संत्र हाय यात."

"दहा मिनिटांत उडते ते. मंग मसाला येते. अन् खरा वास शेवटी येते, तळाचा. तो दिवसभर राहते."

"संत्र दहा मिनिटांत उडते?" त्याला हे मनापासून लागलं.

मग मी कंपनीच्या ट्रेनिंगमध्ये पाठ करून घेतलेलं म्हणून टाकलं, अगदी तशाच शुद्ध मराठीत. "हा सेंट लावणारा पुरुष धीरगंभीर असतो. कमी बोलतो. त्याच्या डोळ्यांत खोली असते. तो विचारत बसत नाही, तो ठरवतो." हे मी रोज म्हणते. माणूस पाहून नाही, बाटली पाहून म्हणते.

त्यानं मनगट पुन्हा एकदा हुंगलं. "तुमाले... असा माणूस आवडते?"

ताईंची नजर माझ्या पाठीवर होती. "असा माणूस कोणाले नाई आवडत?" मी म्हटलं आणि बिल केलं.

पुढच्या खेपेला तो यायच्या आधी त्याचा वास आत आला. चंदन, लवंग, मागून काहीतरी उबदार. खोटं कशाला बोलू, छातीत धडधडलं माझ्या. तो काउंटरशी उभा राहिला आणि माझ्या डोक्यावरून भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहायला लागला.

"आज वांदरानं काय केलं?" मीच विचारलं.

"काही नाही," तो म्हणाला. शुद्ध मराठीत. मी चाटच पडले.

"तब्येत बरी हाय ना?"

"हं."

आणि गेला. त्या पुढच्या खेपेलाही तेच. हं, बरं, ठीक. एवढा बोलका पोरगा, जसा काही कोणी नळच बंद केला. मला वाटलं, झालं, याला दुसरी कोणी भेटली. नाहीतर मीच कधी हसले नाही म्हणून कंटाळला.

त्यातच पातूरहून बाबांचा फोन आला. "रविवारी अकोल्याचे पाहुणे येऊन राहिले तुले पाहाले. पोरगा बँकेत हाय, माणसं चांगले हायत. तुह्या मनात दुसरं काही असन त शनिवारपर्यंत सांग. मी नाई म्हणून टाकीन. पण पाहुणे घरी आल्यावर मले तोंडघशी पाडू नको."

असं विचारणारा बाप किती जणींना मिळतो? पण मी नाव कोणाचं सांगणार होते? ज्यानं अजून तोंड उघडलं नव्हतं त्याचं?

मी ठरवलं, आपणच सांगून पाहायचं. तो आला तेव्हा बाटली पुसता पुसता म्हटलं, "रविवारी मी गावी चालली. मले पाहाले येऊन राहिले."

त्याच्या हातात माझ्यासाठी आणलेलं संत्र होतं. ते हातातच राहिलं. ओठ हलले... मला वाटलं, आता बोलेल.

"ठीक," तो म्हणाला, संत्र काउंटरवर ठेवलं आणि निघून गेला.

शाम्पूच्या खोक्यांमागं जाऊन मी रडले. सरळ सांगते, चांगली पोटभर रडले. ते संत्र मात्र खाल्लं नाही, पर्समध्ये ठेवून दिलं.

शनिवारी दुपारी एक बाई दुकानात आल्या. सुती साडी, डोक्यावर पदर. पेपरात गुंडाळलेली बाटली त्यांनी माझ्यासमोर ठेवली. पेपर सोडला तर तोच ओरिएंटल.

"हा सेंट तुमीच देला ना? वापस घ्या."

"काहून काकू, वास नाई आवडला?"

"वास चांगला हाय वो, देवघरासारखा येते. पण हा लावल्यापासून माहा पियुष मुका झाला."

मी फडकं खाली ठेवलं.

"जेवताना बोलत नाई, झाडायशी बोलत नाई. आरशासमोर उभा राहून डोळे मोठे करते. म्या इचारलं, काय करून राहिला रे? त म्हणते, आई, डोळ्यांत खोली पायजे. आता खोली कोठून आणू मी त्याले? आमच्या घरात सासऱ्यापासून सगळ्यायचे डोळे बटणासारखे हायत." काकूंनी पदरानं घाम टिपला. "दुकानातल्या पोरीले म्हणे असाच माणूस आवडते. तो इचारत नाई, ठरवते. म्या म्हटलं, मंग ठरव ना बावा. त म्हणते, ठरवलं त कवाच हाय आई, पण आता इचारता येत नाई. दोन दिवसांपासून धड जेवला नाई पोट्टा."

मला हसू येत होतं आणि डोळे भरून येत होते, दोन्ही एकदम.

"कुठं हाय तो?"

"गाडीत बसून हाय. उतरत नाई."

"ताई, तक्रार हाय, गिऱ्हाइकाले भेटून येते," मी बाटली उचलून म्हटलं. ज्योत्स्नाताईंना बहुतेक माझ्याही आधी सगळं कळलेलं असावं. "जा," त्या म्हणाल्या, "अन् निकाल लावूनच ये."

तो स्टिअरिंग धरून समोर पाहत बसला होता, डोळे ताणून. मी काचेवर टकटक केली.

"आधी डोळे नीट करा."

त्यानं डोळे नीट केले. "तुमीच म्हटलं होतं..."

"ते बाटलीबद्दल म्हटलं होतं. सगळ्यायलेच म्हणते. काल एका आजोबाले म्हटलं, ते किमतीवरून अर्धा तास भांडून गेले."

तो गाडीतून खाली उतरला. "मंग... तुमाले कसा माणूस आवडते?"

"ज्याच्या बगीच्यात वांदर हाय तो."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. खरंच बटणासारखे डोळे. खोली नाव घ्यायला नाही, जे काय होतं ते सगळं वरच दिसत होतं. आणि मग तो सुटला. "अवो, त्या वांदराले पिल्लू झालं, मले किती सांगावं वाटे तुमाले, दोन रात्री झोप नाई, भावाच्या लग्नाचं मंगल कार्यालय बी बदललं, अन् तुमी माह्याशी लग्न करसान का, अन् ते पिल्लू त आईच्या..."

"थांब," मी म्हटलं. "ते मधलं परत म्हण."

"पिल्लाचं?"

"त्याच्या आधीचं."

आता मात्र तो खरंच गप्प झाला. कान लाल झाले. "प्रणाली... माह्याशी लग्न करशीन?" हळूच म्हणाला.

"हाव," मी म्हटलं, आणि इतक्या दिवसांचं दाबून ठेवलेलं सगळं हसले.

मागून काकू आल्याच. "बाटली वापस घेता का नाई?"

"फोडलेला माल वापस घेत नाई, काकू. पोरगा तेवढा दुरुस्त करून देला."

तिथंच उभं राहून मी बाबांना फोन लावला. "बाबा, मनात हाय. शेंदूरजन्याचा हाय, संत्र्याचा बगीचा हाय."

"माणूस कसा हाय?"

मी पियुषचा हात धरला होता. सेंटचा तळाचा वास आला होता, चंदनाचा. आणि दहा मिनिटांत उडणारं संत्र... ते त्याच्या नखांमध्ये तसंच होतं.

"चांगला हाय, बाबा. फक्त लय बोलते."

बाबा म्हणाले, "अकोल्याच्यायले मी सांगतो. त्याले फोन दे. पाहू, किती बोलते."

मी फोन दिला. त्यानं कानाला लावला, घसा खाकरला... आणि तोंडातून एक शब्द निघेना. घाबरून तो माझ्याकडे पाहत राहिला.

मी त्याच्या पाठीवर हात ठेवला.

"वांदराचं सांग," मी म्हटलं.