एन्सल प्रुइटचं ताट

आमच्या गावच्या कोर्टाला गुलाबी दगडाचा मनोरा आहे आणि मागे तुरुंग. तुरुंग आणि शेरीफचं घर यांच्यात एकच भिंत. पपा शेरीफ, म्हणून कैद्यांचा स्वयंपाक आईकडे. स्वयंपाकघराच्या भिंतीत लोखंडी झडप होती. आई त्यात ताट ठेवून चमच्याने दोनदा ठोकायची. पलीकडून दोन ठोके आले की ताट पोचलं.

१९५८ साली एन्सल प्रुइट नावाचा कैदी एकविसाव्या दिवशी मेला. डॉक्टरने पोटाचा विकार लिहिला. ताटं तर रोज चाटूनपुसून परत येत होती. आपल्या हातच्या अन्नाने माणूस गेला, हे आईने मरेपर्यंत उराशी धरलं.

मी नऊ वर्षांची होते. झडपेच्या फटीतून मी पाहिलं होतं: पलीकडे उभे राहून ते ताट पपाच खात होते. एन्सलने गुन्हा कबूल करावा म्हणून. मी घाबरून गप्प बसले. मला त्यांचा राग येतो, तेवढाच माझाही.

आता त्या तुरुंगाचं संग्रहालय होतंय आणि दारावर पपांच्या नावाची पितळी पाटी लागणार आहे. मी समितीच्या लेनोरा स्टकीला सगळं सांगितलं.

"व्हर्ना, तुझे पपा नव्वदीचे म्हातारे. आता कशाला उकरून काढतेस?"

"आई स्वतःला दोष देत गेली, म्हणून."

"पुरावा काय?"

"मी पाहिलंय."

"नऊ वर्षांच्या पोरीने!" ती हसली. "पाटीच्या दिवशी केक तूच आण हं."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. केक म्हणे! शेरीफच्या त्या जुन्या घरात मी अजून राहते. त्याच दुपारी बीन्स आणि मक्याचा पाव करून मी ताट त्या झडपेत ठेवलं. पलीकडची बाजू तीस वर्षांपूर्वीच विटांनी बुजवलेली. तरी दोनदा ठोकलं.

पलीकडून दोन ठोके आले.

मी झडप उघडली. विटा जागच्या जागी होत्या. ताट चाटूनपुसून स्वच्छ.

मी रोज ठेवू लागले.

दहाव्या दिवशी पपांच्या वृद्धाश्रमातून नर्सचा फोन आला. "तिन्ही वेळा पोटभर जेवतात हो, पण वजन झपाझप उतरतंय. आणि सारखे चमच्याने भिंतीवर ठोकतात."

मी भेटायला गेले. गालांची हाडं वर आली होती.

"पपा, लेनोराला खरं सांगा. मी थांबवते."

"अगदी माझ्यावर गेलीस," ते म्हणाले आणि त्यांनी भिंतीकडे तोंड केलं.

आज विसावा दिवस. उद्यासाठी बीन्स भिजत घातलेत.