हॅरल्डला पाणी

अरुणाबाई थेम्सच्या ओल्या पायऱ्या उतरल्या तेव्हा दुपार होती, ओहोटी लागली होती. नवऱ्याची राख सोडायची आणि घरी जाऊन वरणभात टाकायचा, एवढंच काम. पण कलश त्यांच्या सावत्र मुलानं, जयंतनं, पोटाशी धरला होता.

बाईंच्या पोटच्या मुलानं, शार्दूलनं, हात पुढे केला.

"तू लांब राहा," जयंत म्हणाला. "बाबांचा मुलगा मी एकटाच. तू कोणाचा, ते काकूंनाच ठाऊक."

"आई, लेट इट गो ना," शार्दूल पुटपुटला.

"का म्हणून?" बाई कडाडल्या. "जयंता, हजार वर्षांपूर्वी इथं हॅरल्ड नावाचा राजा होता. राज्य चार-पाच वर्षांचं. 'हा राजाचा नव्हेच, बूट शिवणाऱ्याचं पोर,' असं सावत्र आईकडच्यांनी उठवलं. तो मेल्यावर सावत्र भाऊ गादीवर बसला. त्यानं थडगं उकरलं, मुंडकं छाटलं आणि धड याच नदीत भिरकावलं. तुझीच जात ती!"

"हिस्ट्री लेसन नको, काकू." जयंतनं एकट्यानंच राख ओतली.

बाईंनी पिशवीतून तांब्या काढला, पाण्यात तीळ टाकले.

"बायकांनी तर्पण करायचं नसतं," जयंत म्हणाला.

"तू शिकवणार मला?" त्यांनी अंगठ्यावरून धार सोडली. "ज्याला आई नाही, बाप नाही, ज्याला भावानं टाकलं, त्यानं घ्यावं!"

वारा पडला. चिखलाखालून, तहानलेल्या घशानं ओढून घ्यावं तसा आवाज आला. कुजक्या पाण्याचा वास सुटला.

असं बोलावलेल्याला शेवटी 'तृप्त होऊन जा' म्हणून निरोप द्यायचा असतो. बाईंना ते पाठ होतं. पण रागाच्या भरात त्यांनी तांब्या पिशवीत कोंबला नि तरातरा पायऱ्या चढल्या.

संध्याकाळी एजवेअरच्या घरी शार्दूल समोर जेवत होता. फोन वाजला. ब्रॅकनेलहून जयंत.

"काकू... शार्दूलला परत बोलवा. केव्हाचा दारात उभा आहे. चिंब भिजलाय... बोलत नाही."

"तोंड बघितलंस त्याचं?"

"काचेतून खांदे दिसतायत... त्याच्या वर... काकू, प्लीज. भाऊ म्हणतो मी त्याला."

निरोपाचे शब्द बाईंच्या जिभेवर आले. त्यांनी ते गिळले.

"भाऊ ना? मग घरात घे."

फोन आपटला.

"कोण होतं, आई?" शार्दूल मान चोळत होता. "इथे काहीतरी ओलं लागतंय."

बाईंनी त्याची कॉलर बाजूला सारली. गळ्याभोवती चिखलाची बारीक रेघ. भावानं टाकलेला तर हाही होता.

"तृप्त होऊन जा," त्या घाईघाईनं म्हणाल्या. "जा रे बाबा... जा..."

पदरानं रेघ पुसली. ती पुन्हा उमटली.