बदलण्याची उसनवारी

आप्तलेखकांच्या वर्गात पहिल्या दिवशी बहुतेक जण रडत. दुसऱ्या दिवशी कुणी रडत नसे, कारण डॉ. उत्तरा वाघमोडे ते खपवून घेत नसत.

"तुमचं तुमच्या माणसावर किती प्रेम आहे, याच्याशी कंपायलरला कर्तव्य नाही," त्या सुनवायच्या. "त्याला फक्त चूक दिसते. मलाही."

मेंदूत बसवायच्या यंत्रांसाठी नवा कायदा आला होता. माणसाच्या आठवणींना हात लावणारा प्रोग्राम कुठल्याही कंपनीने लिहायचा नाही, रोग्याच्या सर्वांत जवळच्या नातेवाइकानेच लिहायचा. त्याचं नाव आप्तलेखक. आपलं माणूस आपलं वाईट करणार नाही, असा त्यामागचा विचार. ज्यांनी कधी संसार केला नसेल, अशाच कुणाच्या तरी डोक्यातून तो निघाला असणार. पण कायदा तो कायदा. त्यामुळे सांगलीच्या पुनर्वसन केंद्रात निवृत्त बँकवाले, गृहिणी आणि एक फुलवाला माना खाली घालून 'दंडक' नावाची भाषा शिकत होते.

त्यांच्यातच भूगोलाची शिक्षिका ऋजुता पळसुले होती. पक्षाघाताने तिच्या नवऱ्याची, केतनची, वाचा गेली होती. आठवणी शाबूत होत्या. त्या जिभेपर्यंत पोचवणारी वाट तेवढी तुटली होती. कानामागे बसवलेली चिप ती वाट जोडणार होती आणि चिपचा प्रोग्राम ऋजुताने लिहायचा होता.

दंडकाचा स्वभाव खाष्ट. काही भाषा एकेक ओळ वाचत, अडखळत काम उरकतात. दंडकाचा कंपायलर आधी सगळा मजकूर वाचतो, प्रत्येक ओळीवर संशय घेतो आणि पूर्ण खात्री पटली तरच त्याचं यंत्राच्या आज्ञांमध्ये रूपांतर करतो. इतका काच कशाला? धावता मेंदू बंद करून पुन्हा चालू करता येत नाही म्हणून. शिवाय आठवण म्हणजे कपाटातला फोटो नव्हे. दर वेळी आठवताना ती मळलेल्या कणकेसारखी मऊ होते आणि मग पुन्हा घट्ट होते. मऊ असताना दोन प्रोग्रामांनी एकदम ओढली, की तिची माती झालीच. म्हणून दंडकात प्रत्येक आठवणीला एकच मालक, तो म्हणजे रोगी. प्रोग्रामने ती उसनी घ्यायची आणि परत करायची.

"शेजारणीकडून वाटीभर साखर आणता, तसं," वाघमोडे म्हणाल्या.

"पण मॅडम, आमच्याकडे वाटी रिकामी परत करत नाहीत," ऋजुता म्हणाली. "काहीतरी घालूनच देतात."

वर्ग हसला. वाघमोडे हसल्या नाहीत. "तुमचे संस्कार चपलांबरोबर बाहेर ठेवा, पळसुलेबाई. इथे जशी घेतली तशी परत करायची. ही बघण्याची उसनवारी. दुसरी असते बदलण्याची. आजाराने आठवणीची कड उसवली असेल, तर ती शिवण्यापुरती."

"आणि कुणी भलतंच काही घातलं तर? कंपायलर अडवेल ना?"

"वस्तू परत आली की नाही, एवढंच तो बघतो. आत काय घातलंय, हे त्याला काय कळणार?"

ऋजुताचा प्रोग्राम बऱ्याच खस्ता खाल्ल्यावर पास झाला. चिप सुरू झाली. केतनचे ओठ थरथरले आणि कित्येक महिन्यांनी त्याच्या तोंडून पहिलं वाक्य बाहेर पडलं.

"आई गेली तेव्हा तू मला फोन केला नाहीस."

ऋजुताच्या तळपायाची आग मस्तकात गेली. एवढं राबून हे ऐकायचं? इतक्या वर्षांच्या संसारात याच एका गोष्टीवरून त्यांनी एकमेकांचं जिणं नकोसं केलं होतं. ती म्हणायची, केला होता, तूच उचलला नाहीस. मोबाइलवर नोंद का नाही, याचं खापर ती नेटवर्कवर फोडायची.

खरं असं होतं, की तिने फोन केलाच नव्हता. त्या सकाळी दोघांचं कडाक्याचं भांडण झालं होतं. दुपारी सासूबाईंना धाप लागली, तेव्हा केतन कोल्हापुरात होता. निघाला असता तर पोचला असता. 'बसू दे तिकडेच,' म्हणून ऋजुता फोन हातात धरून नुसती उभी राहिली होती.

आठवडाभर केतनने तेच ऐकवलं. चहा दिला की तेच, औषध दिलं की तेच. शेवटी तिने दंडक उघडला आणि त्या दिवसाची आठवण बदलण्याच्या उसनवारीने घेतली. त्याच्याच डोक्यात तिच्या फोनच्या शेकडो रिंगा साठलेल्या होत्या. त्यांतल्या एकीची प्रत तिने काढली, त्या दुपारी चिकटवली आणि आठवण परत केली. कंपायलरने एक अक्षर काढलं नाही.

दुसऱ्या दिवशी केतन म्हणाला, "तुझा फोन आला होता. मी रागाने उलटा ठेवला."

ऋजुताला आनंद झाला. खोटं कशाला बोला, अगदी उकळ्या फुटल्या. चार दिवस तिने जिंकल्यासारखे काढले.

पण इतकी वर्षं केतनला राग काढायला बायको होती, आता तो राग स्वतःवर उलटला. त्याने अन्न टाकलं. "आईला मीच असं मरू दिलं," एवढंच तो बोले. आठवड्यात तो सुकून गेला, आणि ऋजुता घाबरून वाघमोड्यांकडे धावली.

"मूळ आठवणीची प्रत ठेवली होती?" त्यांनी विचारलं.

"नाही. रिंगची काढली होती."

"छान. मागितल्याशिवाय दंडक प्रत ठेवत नाही, हे शिकवलं होतं मी."

"मग ती रिंग काढून टाकते."

"एवढे दिवस ते ती आठवून रडताहेत. दर वेळी ती मऊ झाली, पुन्हा घट्ट झाली. आता ती आईच्या चेहऱ्यात मुरलीय. काढायला जाल तर आईही जाईल." वाघमोड्यांनी तिच्याकडे उघड तिरस्काराने पाहिलं. "तोंडाने सांगा त्यांना. त्याला कंपायलर लागत नाही."

ऋजुता घरी आली. केतनच्या खाटेपाशी बसली, आणि वर्षानुवर्षं जे तिच्या जिभेवर आलं नव्हतं ते तिने बोलून टाकलं.

"केतन, मी फोन केलाच नव्हता. भांडणाचा राग होता मला. तू आत्ता जे आठवतोयस, ते मी घातलंय. तुझा काही दोष नाही रे."

केतनने तिच्याकडे पाहिलं. इतक्या मायेने त्याने लग्नाच्या वर्षीसुद्धा पाहिलं नव्हतं.

"मी जेवावं म्हणून खोटं बोलतेस ना, ऋजू?" तो म्हणाला. "वाजला होता गं. मी ऐकलाय. इतकी वर्षं मी तुलाच खोटं पाडत आलो. कसं सोसलंस तू मला?"

"नाही रे, ऐक तरी. मी खरंच..."

तिला पुढे बोलू न देता त्याने आपला हात तिच्या तोंडावर ठेवला. समोरचं ताट तसंच होतं.