लापिओची फियानो आणि चेताराची नुन्झिया

"अहो, बाहेरची बाटली इथं चालत नाही!"

नुन्झिया कमरेवर हात ठेवून उभी राहिली. चेताराच्या बंदरावरची ही खानावळ तिच्या वडिलांची, पण हुकूम तिचा चाले. दुपारची गर्दी ओसरली होती. कोपऱ्यात बसलेल्या, उन्हानं रापलेल्या एका तरुणानं पिशवीतून बाटली काढून खुशाल बूच उघडलं होतं.

"मग ही तुमचीच समजा," त्यानं तिच्याकडे पेला सरकवला. "मी सबातो. डोंगरावरच्या लापिओचा. आमच्या द्राक्षमळ्यातली पांढरी वाइन आहे, फियानो... एक घोट तरी?"

नाही म्हणायला तिनं तोंड उघडलं... पण तोवर वास नाकात शिरला होता. तिनं घोट घेतला. आधी मध, मग भाजलेल्या हेझलनटचा खमंगपणा, आणि शेवटी धुराची एक पुसट रेघ, जिभेवर रेंगाळणारी.

ती आत गेली आणि चीज भरून तळलेले ताजे मासे घेऊन आली. एक घास, एक घोट. सगळा तेलकटपणा कसा लख्ख धुऊन निघाला! मग मुरवलेल्या माशांच्या खाऱ्या अर्कातली स्पॅगेटी आली. त्या खारटपणालाही मधाची किनार लागली.

"एकमेकांसाठीच जन्मलेत हे दोघं," ती पुटपुटली, आणि एकदम लाल झाली. "मासे आणि वाइन म्हणतेय मी!"

"मी कुठं काय म्हणालो?" तो हसला.

"आता आमचा टोमॅटोतला ऑक्टोपस खा."

सबातोनं बाटलीवर तळहात ठेवला. "याच्याबरोबर ही नाही."

"काय? माझ्या आईच्या हातची रीत आहे ती!"

"म्हणूनच. एवढा दाट रस्सा फियानोचा आवाजच दाबून टाकेल. याला लाल वाइन हवी."

"वाइन विकायला आलात की मला शिकवायला?"

"खोटं बोलून विकता आली असती, तर मळा विकायची पाळी आली नसती," तो हळूच म्हणाला.

ती समोर बसली. मग कळलं — वडील गेल्यापासून तो आणि त्याची मावशी, दोघंच मळा सांभाळत होते. सकाळपासून चार खानावळींनी त्याला परत पाठवलं होतं. रविवारी मळा घेणारा माणूस येणार होता. नंतर तो दूर तुरिन शहरात जाणार होता, कारखान्यात कामाला.

"नुन्झिये!" आतून वडील गाएतानो ओरडले. "डोंगरावरच्या माणसाच्या नादी लागू नकोस गं!"

सबातो गेल्यावर उरलेली बाटली मात्र त्यांनीच संपवली, आणि बाटलीवरचा मळ्याचा पत्ता दोनदा वाचला.

शनिवारी नुन्झिया बसनं लापिओला पोचली. द्राक्षांची तोडणी चालू होती. पिकलेल्या सोनेरी घडांभोवती मधमाश्या गुणगुणत होत्या. उतारावरच्या वरच्या टप्प्यात असुंता मावशी टोपली भरत होती. नुन्झियाला पाहून सबातोच्या हातातली कात्री खालीच पडली.

"तुम्ही... इथं?"

तिनं एक घड उचलला, आणि मनगटावर मधमाशी येऊन बसली.

"हलू नकोस." त्यानं तिचा हात अलगद धरला. मधमाशी उडाली. हात तसाच राहिला.

"बाबांचा निरोप आहे," ती म्हणाली. "यंदाची फियानो आमच्या खानावळीत हवी."

"आणि तुझा निरोप?"

"तुरिनला जाऊ नकोस."

"मळ्यासाठी म्हणतेस?"

"मळ्याचं तू बघ. मी... मी तुला थांबवतेय, सबातो."

तो मग वर वळून मोठ्यानं ओरडला, "मावशे! त्या माणसाला फोन कर. रविवारी येऊ नका म्हणावं!"

"का रे?"

"जेवायला कुणीतरी येणार आहे!"

"या रविवारी?"

सबातोनं नुन्झियाकडे पाहिलं. उत्तर तिनंच दिलं, सगळ्या डोंगराला ऐकू जाईल असं —

"दर रविवारी, मावशी!"