चौदावा खांब

नकाशावर बावीस खांब होते. माझ्या थोरल्या बहिणीनं जागेवर मोजले. तेवीस भरले.

पुन्हा मोजले. तेवीसच.

विश्वास ठेवा, नाहीतर सोडून द्या. पण ताई खाणीत भूगर्भतज्ज्ञ आहे. एक दशांशचिन्ह चुकलं तर तिला जेवण जात नाही. अशी बाई कशाला थापा मारेल?

वेळही रात्रीची नव्हती. मंगळवार, सकाळचे साडेदहा. पण जमिनीखाली चारशे मीटरवर सकाळ कुठली...

सोन्यातांब्याची ती खाण आठ महिन्यांत बंद पडणार होती. उरलं होतं ते खांबांमध्ये. छत पेलायला म्हणून जुन्या लोकांनी खनिजाचेच जाडजूड खांब न खोदता सोडले होते. ते काढले, तर खाण आणखी तीन वर्षं चालली असती. कोणते काढायचे ते ताई सांगणार. आणि सुरुंग लावायला पहिला आत जाणार मामा. आमचा सख्खा मामा, तिथला मुकादम.

त्या दिवशी मामा सोबत होता, पण ‘पंप बघतो’ म्हणत खांबांच्या दालनाच्या तोंडाशीच थांबला.

पंप बंद होता.

नकाशा जुना, चुकला असेल, असं म्हणून ताई कामाला लागली. प्रत्येक खांबावर पिवळ्या रंगात क्रमांक टाकायचा. शेजारी जमिनीपासून छतापर्यंत एक मोजदांडा उभा करायचा. छत केसभर हललं तरी दांडा दाखवतो. छत खालीच येतं, आज ना उद्या. वर कधी जात नाही.

अकरा. बारा. तेरा.

चौदाव्यापाशी पाण्याचं ठिबकणं थांबलं...

बाकीच्या खांबांच्या सावल्या तिच्या टोपीवरच्या दिव्याबरोबर हलत होत्या. याला सावलीच नव्हती.

तिनं क्रमांक टाकला, दांडा लावला आणि उठताना खांबावर हात टेकवला.

दगड कोमट होता. ओलसर.

आणि... तळव्याखाली तो हळूच फुगला. मग बसला. पुन्हा फुगला. डोक्यावर जड ओझं असलेल्या माणसाचा श्वास चालतो, तसा.

उरलेले खांब तिनं कसे उरकले, तिचं तिलाच ठाऊक. बाहेर येऊन सांगितलं, तेव्हा मामानं जुनी गोष्ट काढली.

तीस वर्षांपूर्वी तेव्हाच्या साहेबांनी नेमका तिथलाच एक खांब काढायला लावला होता. सगळ्यात जास्त सोनं त्यात होतं. खांब गेला आणि छत कुरकुरायला लागलं. खाली पाच जण. त्यातल्या एकाला सगळे टेकू म्हणायचे. काहीही कलंडायला लागलं की हा आपला खांदा लावून मोकळा. छताला आधार दिलेलं लाकूड सुटलं, त्याखाली त्यानं पाठ घातली. चौघं वाचले. टेकू सापडलाच नाही.

“तो म्हणाला, पळा, मी येतोच मागून,” मामा म्हणाला. “मी मागे बघितलं नाही, पोरी.”

गुरुवारी दोघं आत गेले. मामा पहारीनं छत ठोकत चालला होता. ठण्. ठण्. घट्ट दगड असाच वाजतो.

तेरा.

पुढच्या खांबावर ताईच्याच अक्षरात लिहिलं होतं... पंधरा.

मध्ये सोळा मीटर मोकळी जागा. ताईचा मोजदांडा तेवढा उभा होता. शेजारी जमिनीवर पिवळ्या रंगाचे चार थेंब.

मामानं वर पहार मारली.

भद्द.

छत आतून सुटलेलं होतं. ते केव्हाच कोसळायला हवं होतं.

बारीक माती सांडायला लागली...

मामा पळाला नाही. वर बघत अगदी हळू म्हणाला, “टेक्या, खांदा बदल रे.”

अंधारात काहीतरी जड सरकलं.

माती थांबली.

ताईनं दांडा वाचला. दोनदा वाचला. मग दोघं धडपडत बाहेर आले.

खांब काढायचे नाहीत म्हटल्यावर साहेब भडकले. एवढं सोनं काय तिथंच शोभेला ठेवायचं? खाणीची तीन वर्षं बुडवताय, पुरावा द्या, म्हणाले.

ताई हे सांगताना अजून उजवा तळवा ओढणीला पुसत राहते.

एकाही खांबाला हात लावू नये, असं तिनं अहवालात लिहिलं. खाली एकच माप जोडलं.

जागा क्रमांक चौदा. मंगळवार ते गुरुवार. छताची हालचाल १.४ मिलिमीटर, वरच्या दिशेनं.