बंद खोलीतली खरखर

"चार वाजेपर्यंत गिटार मिळाली तर मिळाली! नाय तर पेणच्या पोलीस ठाण्यात जायचं, आणि नितेशचं नाव मी माझ्या हातानं लिहून देणार!"

केरूकाकांचा आवाज असा, की आळीतल्या कोंबड्यासुद्धा गप्प झाल्या. नितेश ऋतुजाचा सख्खा भाऊ, सतरा वर्षांचा. विहिरीच्या कट्ट्यावर मान खाली घालून बसला होता.

"मी नाय घेतली, काका. नाथकाकांच्या हातात परत दिली," सकाळपासून दहाव्यांदा तो म्हणाला.

"मग काय पाय फुटले तिला?" केरूकाका गरजले आणि पाय आपटत जेवायला निघून गेले.

गिटार होती नाथकाकांची. नाव नथानियल. मूळचे रोह्याकडचे, मुंबईत रॉक बँडमध्ये वाजवायचे. इमारतीतले लोक आवाजाला वैतागले, म्हणून सरावाला दहा दिवस त्यांनी इथं हमरापुरात खोली घेतली होती. केरूकाकांच्या गणपतीच्या कारखान्याला लागूनच. आज संध्याकाळी रोह्याला त्यांचा कार्यक्रम. आणि आजच त्यांच्या वारलेल्या वडलांची, सामाजी आजोबांची गिटार नाहीशी! सकाळी नितेश ती अंगणात वाजवत होता, हे सगळ्यांनी बघितलं होतं. त्यानं ती परत कधी दिली, ते मात्र नाथकाकांना काही केल्या आठवेना. फोनवर बोलत होते ना ते!

"माझा भाऊ चोर नाय," ऋतुजा दात ओठ खात म्हणाली.

"मला माहितेय गं," शीरा म्हणाली. ती नाथकाकांची मुलगी, ऋतुजाच्याच वयाची. "पण पप्पा ऐकतायत कुठे? आधी खोली बघू. काहीतरी सापडेल."

"मी येतो!" शेजारचा आदर्श म्हणाला. तोंडानं नेहमी पुढे, पायानं नेहमी मागे असा हा गडी. "पण आत पयली तू जा, गो."

शीराकडे किल्ली होती. तिघं खोलीत शिरली आणि दार आपसूक मागं लोटलं गेलं.

बाराला लाईट गेली होती, ती अजून आली नव्हती. खिडकीला जाड गोधड्या टांगलेल्या, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून. आत भर दुपारी अंधार. घामाचा, तापलेल्या रबराचा वास. काळी गिटार एका स्टँडवर, लाल गिटार दुसऱ्यावर. तिसरा स्टँड रिकामा. दोन हात पुढे करून कुणाची तरी वाट बघत असल्यासारखा उभा.

"ह्या वायरी बघ! अजगराची पिल्लं सुटल्यागत!" आदर्श कुजबुजला.

"पाय देऊ नकोस!" शीरा ओरडली. "ते पेडल आहेत. हे दाबलं की गिटार वाघासारखी गुरगुरते. आणि हे प्रतिध्वनीचं. एकदा वाजवलं की चारदा ऐकू येतं."

"आणि ही पेटी?"

"अँप. गिटारचा आवाज हिच्यातूनच येतो. नाहीतर या गिटारी नुसत्या मुक्या."

कपड्यांची पिशवी, कव्हरं, खाटेखाली, सगळं शोधून झालं. काही नाही. ऋतुजा उठतेय, तेवढ्यात वर पंखा कुरकुरला. लाईट आली!

अँपवर एक लाल दिवा लागला. एकच डोळा उघडावा तसा.

"कुणी चालू केला?" आदर्शनं विचारलं.

कुणीच नाही. तिघांचेही हात मोकळे होते. अर्धं मिनिट काही झालं नाही. मग पेटीच्या पोटातून हळूच आवाज निघाला. हूंऽऽऽ... झोपेतून कुणी जागं व्हावं तसा.

आणि मग...

खर्रर्र. खर्रर्र. खर्रर्र.

ऋतुजाच्या मानेवरचे केस ताठ झाले. काळी गिटार जागच्या जागी होती. लाल गिटारही. तारा हलत नव्हत्या, अँपला गिटारची वायरच जोडलेली नव्हती. तरी आतून कुणीतरी नखांनी लाकूड खरवडत होतं! प्रत्येक खरखर विरत विरत चारदा यायची, आणि शेवटी एक लांब श्वास. फूऽऽऽ.

"सा... सामाजी आजोबा!" आदर्शची बोबडी वळली. "गिटार हरवली म्हणून आले!"

"माझ्या आजोबांना भूत म्हणू नकोस!" शीराचा आवाज रडवेला झाला. पण तीही ऋतुजाला चिकटली होती.

तेवढ्यात पेटी बोलली. खरंच बोलली! पाण्याच्या तळातून यावा तसा घोगरा, जाड आवाज.

"पाठ... वळव..."

वळव... वळव... वळव...

आदर्शनं पाठ वळवली ती थेट दाराबाहेर. पायरीवर अडखळून पडला, उठला आणि उंबऱ्यापलीकडून ओरडला, "पळा! मी... मी बाहेर राखण करतो!"

ऋतुजालाही पळायचं होतं. पण डोळ्यांपुढे विहिरीच्या कट्ट्यावरची ती खाली घातलेली मान होती. ती पेटीजवळ बसली आणि कान लावला.

खर्रर्र. खर्रर्र. खर्रर्र. फूऽऽऽ.

तीन हात, मग फुंकर. पुन्हा तीन हात, मग फुंकर. हा आवाज ती पाळण्यात असल्यापासून ऐकत होती!

"शीरा, हे भूत नाय गो! हे घासकाम हाय!"

"म्हणजे?"

"कच्च्या मूर्तीला रंगाआधी पॉलिश पेपरनं घासतात. तीनदा घासायचं आणि फुंकर मारून भुकटी उडवायची. आमच्याकडं सगळे अशेच घासतात!"

शीराचे डोळे मोठे झाले. तिनं जमिनीवर बोटाएवढी एक डबी दाखवली. तिच्यावर हिरवा ठिपका लुकलुकत होता. "वायरलेस! हिची जोडीदार डबी आजोबांच्या गिटारलाच खोचलेली असणार. तिथं काय होतं ते वायरीशिवाय इथं येतं. लाईट गेली तेव्हा अँपचं बटण चालूच राहिलं असणार. आणि ती गिटार इतकी जुनी, की तिच्या तोंडाजवळ बोललं तरी तिला ऐकू जातं!"

"किती लांबून?"

"चाळीस-पन्नास पावलं. भिंती असल्या तर आणखी कमी."

पन्नास पावलांत होता फक्त कारखाना. केरूकाकांनी सकाळपासून नितेशची ट्रंक उचकटली, मित्रांची घरं पालथी घातली, रिक्षावाल्यांना दरडावलं. स्वतःच्या कारखान्यात बघायचं मात्र कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं!

पेटी पुन्हा घोगरली. "लाईट आली, बाळा... आता तुला रंगवतो..."

"अगो बाई! जनूमामा!" ऋतुजा उठलीच. "ते कारखान्यात मूर्ती रंगवताना त्यांच्याशी असंच बोलतात! आदर्श, आत ये! इथं बस. पेटी काय बोलते ते ऐक!"

"मी? एकटा?"

"व्हय, एकटा!"

कारखान्याला पुढून कुलूप. जेवणाची सुट्टी होती; जनूमामा मात्र सुट्टीतही आतच काम करत बसायचे. दोघी मागच्या पत्र्याच्या फटीतून आत घुसल्या.

आत पांढरा अंधार होता. शेकडो गणपती, छातीएवढे, कमरेएवढे, सगळे पांढरेफटक. डोळ्यांची आखणी सगळ्यात शेवटी होते, त्यामुळं एकालाही डोळे नव्हते. ऋतुजा त्यांच्यातच वाढली होती. पण आज तिला वाटलं, आपण चाललो की ते सगळे कोऱ्या डोळ्यांनी वळून बघतायत. वरून प्लास्टिकचे कागद सळसळत होते. शीराचा हात बर्फासारखा गार पडला होता.

"ऋतुजा, तो मघाशी हलला."

"कुणी हलला नाय. चल."

आणि एकदम, धड् धड् धड् धड्! जमीन थरथरली. शीरा किंचाळली.

"कॉम्प्रेसर! रंगाचा फवारा सुरू झाला!" ऋतुजा धावत सुटली.

मागच्या पडवीत जनूमामा उकिडवे बसले होते. समोर पाटावर सामाजी आजोबांची गिटार पालथी पडलेली. पाठीवरचा रंग घासून पार उडवलेला, कडेनं वर्तमानपत्र चिकटवलेलं. खोचलेली डबीही कागदाखाली गेलेली. मामांच्या हातात फवाऱ्याची बंदूक, आणि तिच्यात सोनेरी रंग.

"मामा, थांबा!"

मामांना कानानं कमी ऐकू यायचं, त्यात कॉम्प्रेसरची धडधड. त्यांनी बंदूक उचलली. ऋतुजानं उडी घेतली ती मामा आणि गिटारच्या मधोमध.

फुस्स्स्!

वेणी, कान, अर्धा गाल, सगळं सोनेरी!

शीरानं कॉम्प्रेसरचं बटण बंद केलं. एकदम शांतता झाली. ऋतुजा गिटारवर वाकून जीव खाऊन ओरडली, "मामा! ही नाथकाकांची गिटार हाय! नितेशदादावर चोरीचा आळ आलाय!"

"चोरी?" मामा डोळे मिचकावत राहिले. "गो पोरी, ही तर दाराजवळच्या फळीवर होती. फळीवर ठेवलेलं म्हणजे रंगाला आलेलं, हाय का नाय? तुझ्या जन्माआधीपासून असंच चाललंय. सकाळी तो मुंबईचा पावणा कानाला फोन लावून आला, ठेवली, गेला. मी बघितला ना. पाठ बघ, किती पोपडे आलेले! म्हटलं, पावण्याचं काम, झकास सोनेरी करून देऊ."

तेवढ्यात पुढच्या कुलपाचा खडखडाट झाला. दार उघडून धावत आले ते नाथकाका, मागं केरूकाका, आणि सगळ्यांच्या पुढं, चक्क पुढं, आदर्श!

"ऐकलं! सगळं ऐकलं!" तो नाचत होता. "हे दोघं गाडीची किल्ली घ्यायला आले खोलीत. पेटी बोलायला लागली तशी केरूकाकांनी माझा हात धरला, घट्ट! भ्यायले!"

"गप रे!" केरूकाका म्हणाले. पण आवाजात रोजचा जोर नव्हता.

नाथकाकांनी गिटार उचलली, सरळ केली. पुढची बाजू शाबूत होती. घासलेल्या पाठीवरून हात फिरवत ते म्हणाले, "मीच ठेवली फळीवर. आणि बिचाऱ्या पोराला..." मग सोनेरी ऋतुजाकडं बघून त्यांना हसू फुटलं. "पंचवीस वर्षं ही वाजवतोय. पण हिचा आवाज ओळखलास तू! तुम्ही तिघं नसतात, तर आज मी एका चांगल्या मुलाचं वाटोळं केलं असतं."

"पाठ सोनेरी करू का मग?" जनूमामांनी आशेनं विचारलं.

"नको, मामा!" सगळे एकदम ओरडले.

केरूकाका मात्र हसले नाहीत. ते बाहेर गेले. नितेश अजून विहिरीच्या कट्ट्यावरच होता.

"नित्या, चल जेवायला."

नितेश हलला नाही.

अख्खी आळी बघत होती. केरूकाका डोक्यावरची टोपी काढून त्याच्या शेजारी कट्ट्यावर बसले, आणि सकाळी जेवढ्या मोठ्यानं ओरडले होते, तेवढ्याच मोठ्यानं म्हणाले, "चुकलं माझं! पोरानं काय घेतलं नव्हतं! तीन पोरांना कळलं, ते मला म्हाताऱ्याला नाय कळलं!"

नितेशनं मान वर केली. डोळे पुसले. "काका, भूक लागलीय," तो म्हणाला.

"मग उठ की! जेवून रोह्याला जायचंय. सगळ्यांनी! ही सोन्याची पोरगी गाडीत पुढच्या सीटवर बसंल."

"आणि मी?" आदर्श ओरडला.

"तू?" केरूकाकांनी टोपी झटकून डोक्यावर ठेवली. "तू माझ्या बाजूला. मला कुणाचा तरी हात धरायला लागतो!"